तळटीपेत न आलेलं नाव

डॉ. हेमलता वाघोलीकर यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मी लिहावं, अशी विनंती आली तेव्हा मी पंधरा दिवस उत्तरच दिलं नाही. एरवी हे खपून गेलं असतं. पण ग्रंथाची संपादक माझीच मुलगी रेणुका आहे. रविवारी ती शिकागोजवळ नेपरव्हिलला आमच्याकडे जेवायला आली आणि भातावर वरण घेता घेता म्हणाली, "बाबा, सगळ्यांचे आर्टिकल्स आले. ओन्ली यू आर लेफ्ट. तू तर हेमामावशीला सगळ्यात आधीपासून ओळखतोस. फर्स्ट टाइम भेटलात तिथून स्टार्ट कर ना. सिंपल आहे."

हेमाताईंविषयी मला काय वाटतं, हे गेल्या पंचेचाळीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं आणि ते बरंच होतं. कारण खरं उत्तर एका शब्दाचं आहे: मत्सर. हेवा म्हटलं असतं, पण हेवा हा फार सभ्य शब्द आहे. त्यात माणूस दुसऱ्याचं चांगलं बघून उसासा टाकतो आणि आपल्या कामाला लागतो. माझं तसं होत नाही. त्यांच्या व्याख्यानाला सभागृह भरलं की माझ्या पोटात दुखतं. उणे वीसच्या थंडीत आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या कुरकुरत असताना त्यांची जुनाट गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते, याचाही मला त्रास होतो. त्यांच्या चकल्यांबद्दल मी इथे काही बोलत नाही.

अशा माणसाने गौरवलेख लिहावा का, हा प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला. लिहावा असं ठरवलं, कारण हेमाताईंच्या कामाविषयीची एक गोष्ट त्यांच्याखेरीज फक्त मला ठाऊक आहे आणि ती न सांगता त्यांचा गौरव करणं म्हणजे अर्धवट काम होईल. ती सांगण्यात माझी शोभा नाही. आणि संपादक या नात्याने ती सगळ्यांच्या आधी माझ्या मुलीच्या वाचनात येणार आहे, हे मला सर्वांत जड जातं आहे.

तर पहिली भेट. हॉलंडमधल्या एका जुन्या विद्यापीठात मी इतिहासाच्या पीएच.डी.साठी गेलो होतो. कोकणातल्या बंदरांवर डचांच्या वखारी होत्या आणि त्या वखारींच्या कागदपत्रांत मोडी लिपीतली मराठी पत्रं पडून होती. ती वाचणारा माणूस त्यांना हवा होता. त्या गावात मोडी वाचू शकणारा मी एकटा होतो आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हतो. वर्षभर माझं बरं चाललं होतं. मग एका ऑक्टोबरात अभिलेखागाराच्या वाचनालयात, साडीवर रेनकोट घातलेल्या, ओल्या केसांच्या एक बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही खरवंडीकर ना? नगरचे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "मला मोडी शिकायची आहे. त्या बदल्यात मी तुम्हाला डच शिकवीन. मी पुण्यात दोन वर्षं शिकले आहे."

सौदा बरोबरीचा होता. रोज दुपारी कँटीनमध्ये आम्ही बसायचो. रद्द झालेल्या कॅटलॉगच्या कार्डांच्या पाठीवर मी आधी आडवी रेघ ओढायचो आणि तिला अक्षरं लटकवत जायचो. ओळीच्या शेवटच्या अक्षराची शेपटी मी डावीकडे वळवतो. नगरला ज्या गुरुजींकडे मी शिकलो त्यांची ती सवय, इतर कुठे मी ती पाहिलेली नाही. हेमाताईंनी ती शेपटीही उचलली. चार महिन्यांत त्या घसटलेली, घाईत लिहिलेली मोडी वाचू लागल्या. चार महिन्यांत मला डचमध्ये पाव आणि चीज मागता येऊ लागलं. माझ्या मत्सराला तिथे सुरुवात झाली.

आता त्या गठ्ठ्याविषयी. त्यांच्या सगळ्या पुढच्या कीर्तीचा पाया हा गठ्ठा आहे, त्यामुळे जरा तपशिलात सांगतो. पुण्याच्या दप्तरखान्यात कागद कापडात बांधून ठेवतात, त्या सवयीने आम्ही त्याला रुमाल म्हणायचो, पण तो होता निळ्या पुठ्ठ्याचा खोका, आत पांढऱ्या नाडीने बांधलेले सुटे कागद. एका वखारीत विठोजी नाईक नावाचा दुभाषी होता. डच अंमलदाराचं म्हणणं मराठीत उतरवून देशी दरबाराला पाठवायचं आणि तिकडचं उत्तर डचांना समजावून सांगायचं, हे त्याचं काम. त्याच्या काळातले डच मसुदे आणि मोडी पत्रांच्या नकला त्या खोक्यात होत्या. त्या अभिलेखागारात एक रीत होती. प्रत्येक खोक्यात वरच एक चिठ्ठी असायची आणि खोका मागवणाऱ्या प्रत्येक वाचकाने त्यावर आपलं नाव आणि तारीख लिहायची. मी तो खोका उघडला तेव्हा ती चिठ्ठी कोरी होती.

या खोक्यावर हेमाताईंनी लिहिलेलं पुस्तक या ग्रंथाच्या बहुतेक वाचकांनी वाचलं असेल. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्यांच्या हाती खोका आला तेव्हा वर सगळी मोडी पत्रं होती, तारखेवार लावलेली, आणि खाली सगळे डच कागद. मोडी एकीकडे, डच एकीकडे, अगदी नीटनेटकं. हेमाताईंचं लक्ष मजकुराच्या आधी कसरीने खाल्लेल्या भोकांकडे गेलं. कसर कागद खाताना भाषा बघत नाही. ती एका कागदातून शिरते आणि खालच्या दहा-वीस कागदांतून आरपार जाते. त्यामुळे लगतच्या कागदांवर भोकं एकाच जागी पडतात. हेमाताईंनी पारदर्शक कागदावर प्रत्येक पानाची भोकं उतरवून घेतली आणि ती एकमेकांवर ठेवून पाहिली. एका मोडी पत्राची भोकं त्याच्या वरच्या-खालच्या मोडी पत्राशी जुळेनात. ती जुळत होती एका डच मसुद्याशी. पुढच्या मोडी पत्राची दुसऱ्या डच मसुद्याशी. म्हणजे शेकडो वर्षं ते कागद जोडीजोडीने पडून होते, एक डच आणि त्याला लागून त्याचा मराठी अनुवाद, आणि मग अलीकडे केव्हातरी कुणीतरी त्यांची ताटातूट केली होती.

जोड्या पुन्हा लागल्या आणि विठोजी नाईक वेगळाच माणूस निघाला. अंमलदार डचमध्ये धमक्या देत होता आणि नाईक मराठीत त्यांच्या विनंत्या करत होता. तिकडून टोमणे येत होते आणि नाईक इकडे ते नम्र निवेदन म्हणून वाचून दाखवत होता. वर्षानुवर्षं त्याने दोन्ही बाजूंना गोड गैरसमजात ठेवून भांडण होऊ दिलं नाही. दुभाषी म्हणजे नुसता निरोप्या, हा आमच्या क्षेत्रातला समज त्या पुस्तकाने मोडीत काढला. त्यावर त्यांना अमेरिकेत प्राध्यापकपद मिळालं आणि पुढच्या दोन पिढ्यांचे विद्यार्थी मिळाले. त्यांच्या आधी मीही नाईकावर एक लेख लिहिला होता. मी त्याला प्रामाणिक, स्वामिनिष्ठ, जरा कंटाळवाणा नोकर ठरवलं होतं.

पुस्तकातल्या एका पानावर दोन तळटीपा आहेत. एकीत हेमाताईंनी मोठ्या आदराने नोंदवलं आहे की या मोडी पत्रांचं पहिलं वाचन दिगंबर खरवंडीकर यांनी केलं. दुसरी म्हणते की गठ्ठ्यातल्या कागदांचा मूळ क्रम अलीकडच्या काळात बदललेला आहे. दोन तळटीपांमध्ये तीन ओळींचं अंतर आहे. ते पान माझ्या प्रतीत आपोआप उघडतं.

त्यांच्या शिकवण्याबद्दल इतरांनी लिहिलंच असेल. मी फक्त एक प्रसंग सांगतो. तेव्हा त्या नुकत्याच शिकागोला आल्या होत्या आणि नेपरव्हिलमध्ये आमच्यापासून चार रस्त्यांवर राहू लागल्या होत्या. मी तोवर जवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात जगाचा सगळा इतिहास एका सेमिस्टरमध्ये शिकवत होतो. महाराष्ट्र मंडळाने त्यांचं व्याख्यान ठेवलं. आता मोडी आणि डच ऐकायला कोण येणार, या आशेवर मी गेलो. त्यांनी मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकांचा एक गठ्ठा घेतला, त्यातून विणकामाची सुई आरपार तिरकी-तिरपी खुपसली, सगळे कागद पिसले आणि पहिल्या रांगेतल्या कंटाळलेल्या मुलांच्या हातात दिले. "पुट देम बॅक," म्हणाल्या. मुलं जमिनीवर पसरली आणि पाच मिनिटांत भोकांवरून सगळा क्रम लावून मोकळी झाली. टाळ्या झाल्या. त्या मुलांतल्या अकरा वर्षांच्या एका मुलीने हात वर करून विचारलं, "बट हू मिक्स्ड देम अप इन द फर्स्ट प्लेस?"

हेमाताई म्हणाल्या, "समवन हू लाइक्ड थिंग्ज नीट."

मी शेवटच्या रांगेत होतो. हात वर करणारी मुलगी रेणुका होती. आज ती शिकागोच्या एका ग्रंथालयात जुन्या कागदपत्रांचा विभाग सांभाळते आणि त्या धंद्याचा पहिला नियम तिच्या टेबलासमोर चिकटवलेला आहे: कागद ज्या क्रमाने आले त्या क्रमाने ठेवायचे. कॉलेजात असताना ती दर शनिवारी हेमाताईंकडे मोडी शिकायला जायची. घरात मोडी शिकवणारा बाप असताना. "बाबा, तू फार लवकर इरिटेट होतोस यार," एवढंच कारण तिने दिलं आणि ते खरं होतं. एकदा तिची वही टेबलावर उघडी राहिली होती. पाहिलं तर प्रत्येक ओळीच्या शेवटच्या अक्षराची शेपटी डावीकडे वळलेली. ती वही मी बराच वेळ हातात धरून बसलो. हेमाताईंकडे जाऊन आलेली असली तरी ती शेपटी माझी होती. पण मला असं किंचित बरं वाटलं की लगेच हेमाताईंचं काहीतरी नवं छापून येतं.

हेमाताईंच्या मूल्यांविषयी लिहायचं तर एकाच शब्दावर लिहावं लागेल: "कशावरून?" विद्यार्थ्यांच्या प्रबंधांच्या समासात त्या पेन्सिलीने हा एवढाच शब्द लिहितात. तो मंडळालाही चुकलेला नाही. मंडळाच्या स्मरणिकेत कुणीतरी लिहिलं की पहिला गणपती अमुक एका घराच्या गॅरेजमध्ये बसला होता. हेमाताईंनी विचारलं, कशावरून? मग तीन कुटुंबांनी छातीठोकपणे सांगितलं की तो आमच्याच गॅरेजमध्ये होता. तिसरं कुटुंब आमचं. हेमाताईंनी सगळ्यांकडून जुने फोटो गोळा केले, मखरामागे दिसणारा वॉटर हीटर भिंगाखाली तपासला, मग प्रत्येकाच्या गॅरेजमध्ये जाऊन हीटर बघून आल्या. ते गॅरेज आमचं नव्हतं. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी बसला होता. माझी बायको मंदा म्हणाली, "मी तुम्हाला सांगतच होते." मला मात्र आजही मनातून वाटतं की तो फोटो उलटा छापलेला असावा.

आणि त्यांचा जिव्हाळा. तीन वर्षांपूर्वी ड्राइव्हवेवरच्या बर्फावर मी पाय घसरून पडलो आणि खुब्याचं हाड मोडलं. मंदा तेव्हा भारतात होती. सहा आठवडे हेमाताई एक दिवसाआड डबा घेऊन यायच्या. स्वतः बाहत्तर वर्षांच्या, गुडघे कुरकुरणारे, पण बर्फात येऊन आधी माझ्या पायऱ्यांवर मीठ टाकायच्या आणि मगच बेल वाजवायच्या. डब्यात माझ्या पथ्याचं असायचं आणि तरी ते चविष्ट लागायचं. मला भेटायला येणारे लोक अर्धं मिनिट माझ्या हाडाची चौकशी करायचे आणि मग हेमाताईंशी गप्पा मारत बसायचे. एक नागपूरकडचा विद्यार्थी तर मला म्हणाला, "काका, तुम्ही किती लकी आहात, मॅडम रोज भेटतात तुम्हाला." मी भिंतीकडे तोंड करून झोपलो. पण त्या सहा आठवड्यांत एकदाही त्यांनी तो विषय काढला नाही आणि मीही काढला नाही.

आता तो विषय.

त्या कागदांची ताटातूट मी केली. वर्षभर हॉलंडात राहूनही माझं डच धड नव्हतं, डच कागद मला नुसते मध्ये येत होते. कुणा गबाळ्या कारकुनाने दोन भाषांचे कागद एकत्र कोंबले आहेत, असा माझा ग्रह झाला. आठवडाभर बसून मी मोडी वेगळी काढली, तारखेने लावली, डच खाली ठेवलं आणि नाडी पुन्हा बांधली. कागदांचा क्रम हलवू नये अशी मोठी पाटी त्या वाचनालयाच्या भिंतीवर होती. ती डचमध्ये होती, पण त्या सबबीमागे मी लपणार नाही. पुण्यात दप्तरखान्यात पहिल्याच दिवशी हे शिकवतात. मला वाटलं, मी क्रम मोडत नाही, लावतो आहे. आपल्यामागून येणाऱ्याची सोय केली म्हणून मी त्या दिवशी स्वतःवर खूश होऊन, एक जास्तीचा केक खाऊन घरी गेलो होतो.

ही चूक झाली. चुका होतात. पण पुढे जे केलं ती चूक नव्हती.

मी प्रबंध देऊन अमेरिकेत नोकरीला आलो. कंत्राट एका वर्षाचं, पुढे मिळेल की नाही याची खात्री नाही. वर्ष संपत आलं होतं, तेव्हा हेमाताईंचं पत्र आलं. आम्ही हौसेने एकमेकांना मोडीतच लिहायचो. त्यांनी विचारलं होतं की मी खोका उघडला तेव्हा मोडी आणि डच कागद वेगवेगळे होते की मिसळलेले, आणि हे कळणं त्यांच्या प्रबंधासाठी फार गरजेचं आहे. आरोप नव्हता, साधा प्रश्न होता. तो वाचल्याबरोबर मला दोन गोष्टी कळल्या. एक, मी काय करून बसलो आहे ते. दुसरी, त्या खोक्यात काय होतं ते. माझ्या हातात ते आधी आलं होतं, आठवडाभर माझ्या हातात होतं, आणि ते मी स्वतः नाडीने बांधून परत दिलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांना मोडीत उत्तर लिहिलं. प्रकृतीची चौकशी केली, इथल्या बर्फाचं वर्णन केलं आणि शेवटी लिहिलं: नीटसं आठवत नाही.

मला एकूण एक कागद आठवत होता. मी सांगितलं असतं तर त्यांचं काम एका दिवसात झालं असतं. परीक्षक विचारत होते की हा क्रम बदललेला आहे कशावरून, आणि त्यांच्याकडे पुरावा नव्हता. म्हणून त्यांनी एकूण एक पानाची भोकं उतरवून काढली. त्यात एक सबंध वर्ष गेलं. शिष्यवृत्ती संपली होती. संध्याकाळी हिंदीच्या शिकवण्या घेऊन, एका माळ्यावरच्या बिनहीटरच्या खोलीत राहून त्यांनी ते वर्ष काढलं. या गोष्टी मला पुढे इतरांकडून कळल्या. नोकरी जाईल म्हणून मी खोटं लिहिलं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. नोकरीची भीती होती, पण तेवढंच नव्हतं. त्यांना ते सहजासहजी मिळू नये, असं मला वाटलं.

कागद कुणी हलवले, हा प्रश्न रेणुकाने माझ्यासमोर दोनदा विचारला. दुसऱ्यांदा विचारला तेव्हा ती नुकतीच नोकरीला लागली होती. जेवताना म्हणाली, "बाबा, हेमामावशीच्या बुकमधली ती फूटनोट आहे ना, ऑर्डर चेंज झालेली. हू वुड डू दॅट? रीडिंग रूममध्ये बसून?" मी कोशिंबीर वाढून घेतली आणि म्हणालो, "असेल कुणी अडाणी." तिने विषय बदलला.

गेल्या महिन्यात, या लेखासाठी काही तपशील विचारायचे या निमित्ताने मी हेमाताईंकडे गेलो. त्यांच्या हॉलमध्ये खोकी रचलेली होती. आयुष्यभराचा पत्रव्यवहार, टिपणं, मसुदे, सगळं त्या ग्रंथालयाला देत आहेत. रेणुकाच्या विभागाला. मी चष्मा पुसत उभा राहिलो.

"हा हॉलंडचा खोका," त्या म्हणाल्या, "परवा रेणुका घेऊन जाणार आहे. तुम्हाला काही बघायचं असेल तर बघून घ्या, खरवंडीकर. मी चहा टाकते."

हेमाताईंचा चहा पाच मिनिटांत होतो. त्या दिवशी वीस मिनिटं लागली. स्वयंपाकघरातून भांड्याचाही आवाज येत नव्हता. मला शोधावं लागलं नाही. माझं पत्र त्यांच्या परीक्षकाच्या एका टंकलिखित पत्रानंतर आणि घरमालकिणीच्या नोटिशीच्या आधी होतं. निळं, पातळ, घडीवर विरलेलं. शेवटच्या ओळीची शेपटी डावीकडे. ते अक्षर रेणुका लांबूनही ओळखील आणि तिला ते वाचताही येईल. मी पत्र काढलं. माझ्या कोटाला आतून खिसा आहे. तिथपर्यंत हात गेला, हे मी लपवत नाही. मग मी पत्राची घडी होती तशीच घातली आणि ते टंकलिखित पत्रानंतर आणि नोटिशीच्या आधी ठेवून दिलं. खोक्यातले बाकीचे कागद मी हलवले नाहीत.

चहा आला. मी विचारलं, "तुम्ही नाव का नाही घातलंत? चिठ्ठीवर तुमच्याआधी माझं एकट्याचंच नाव होतं."

"राग आला होता," त्या म्हणाल्या. "फार आला होता. वर्ष गेलं माझं."

"मग? दया आली का माझी?"

"दया कसली हो. चिठ्ठीवरून एवढंच कळतं, की तुम्ही खोका उघडला होतात. कागद तुम्हीच हलवले हे कशावरून लिहिणार? तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात आठवत नाही." त्यांनी बिस्किटांची बशी पुढे केली. "रेणुकानेही मला विचारलं होतं. तुमचं नाव घेऊनच. मी म्हटलं, माझ्याकडे पुरावा नाही, बाबांना विचार."

इतकी वर्षं मी समजत होतो की या बाईंनी मोठ्या मनाने मला वाचवलं, आणि त्या मोठ्या मनाचाही मला मत्सर वाटत होता. तर ते मोठं मन नव्हतंच, ती शिस्त होती. जी शिस्त मी एका निळ्या खोक्यापुरतीही पाळली नाही, ती त्यांनी माझ्यावर रागावलेल्या असतानासुद्धा पाळली. घरी येताना मी चारही रस्ते पायी चाललो आणि सगळ्या वाटेत माझा जळफळाट होत होता.

तर रेणुका, तुला मी "असेल कुणी अडाणी" म्हणालो होतो. तो मी. पत्र तुला त्या खोक्यात मिळेलच, पण कागदाने सांगण्याआधी मी सांगावं म्हणून हे लिहिलं. संपादक म्हणून तुला या लेखात काट मारायचा अधिकार आहे. फक्त परिच्छेद आहेत त्या क्रमाने राहू देत.

हेमाताई, पंचाहत्तरीच्या शुभेच्छा. तुमचे डोळे असेच लखलखीत राहोत, गुडघे निदान माझ्या गुडघ्यांपेक्षा कमी दुखोत. तो आशीर्वाद मी छातीवर दगड ठेवून देतो आहे, तेव्हा त्याची किंमत ठेवा. तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य लाभो आणि ती सगळी वर्षं मला जळायला मिळोत. तुमच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे असं कळलं. तीन ओळींच्या अंतरावरच्या त्या दोन तळटीपांपैकी दुसरी आता पुरी करावी. नाव पूर्ण लिहावं, दिगंबर खरवंडीकर. तुमच्या त्या पानावर माझं नाव दोनदा येईल, हेही मी हिशेबात धरलेलं आहे. आणि कुणी विचारलं, कशावरून, तर हा लेख दाखवावा.